शिट्टी की कुकर?

आमच्या गावच्या सरपंचपदाच्या निवडणुकीत मला मत नव्हतं. माझ्या बाजूची एवढी एकच चांगली गोष्ट होती, तीही मी फुकट घालवली.

गाव आंबेखोल, कोकणातलं. मी मात्र गेली वीस वर्षं कुवेतमध्ये, बनेद अल-गारला राहतो आणि एका कंपनीत अकाउंटंट आहे. त्या वर्षी सरपंचपद बायकांसाठी राखीव निघालं आणि उभ्या राहिल्या दोघी. एक माझी सख्खी वहिनी. माझ्या आईचं औषधपाणी, दुखलंखुपलं सगळं ती बघते आणि वर मलाच सांगते, "भावोजी, तुम्ही तिकडे काळजी करू नका." दुसऱ्या शाळेतल्या मालतीबाई. त्यांनी माझ्याकडून तीसपर्यंत पाढे घोटून घेतले नसते, तर मला कुवेत नकाशातसुद्धा सापडलं नसतं. एक उमेदवार जरा वाईट असता तर किती सोपं झालं असतं! पण दोघीही सोन्यासारख्या. त्यातून निवडणूक कचेरीने चिन्हं वाटली ती अशी: वहिनीला शिट्टी आणि बाईंना प्रेशर कुकर.

मला मत नसताना दोघींचे फोन आले ते जलीबमुळे. जलीब अल शुयूख या कुवेतमधल्या कामगारवस्तीत एका खोलीत आमच्या गावचे आठ जण राहतात. कोणी रंगारी, कोणी प्लंबर, कोणी एसीवाला. कुवेतहून फोन गेला की अख्खं घर त्याप्रमाणे मत देतं, अशी गावात समजूत. आणि ते आठही जण माझं ऐकतात, कारण मी टाय लावतो, अशी दुसरी समजूत. (ही दुसरी मुख्यतः माझीच होती.)

वहिनी म्हणाली, "जलीबवाल्यांना एक शब्द टाका, भावोजी."

"अगं, हे काय सांगणं झालं? शिट्टीच!"

तासाभराने बाईंचा फोन. "सुधीर, तुझ्यावर दबाव नाही. पण गावाच्या नळाचं काम मी अर्ध्यावर सोडणार नाही, एवढं सांग त्यांना."

"बाई, कुकरच!" मी उभं राहून म्हणालो. बाईंशी मी फोनवरही बसून बोलत नाही.

माझी बायको, मंजिरी, समोर भाजी निवडत होती. "दोघींना हो म्हणालात?"

"मग काय करू? एकीने आईला सांभाळलंय, दुसरीने मला घडवलंय."

"मग निदान एकीला तरी खरं सांगा. खरं ऐकायची हिंमत त्या दोघींमध्ये आहे, सांगायची तुमच्यात नाही."

पुढच्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मी जलीबला गेलो. खोलीतले सर्वांत वडीलधारे तात्या, हाताने प्लंबर आणि मनाने मुत्सद्दी, त्यांनी मला एकुलत्या एका खुर्चीवर बसवलं, चहा दिला आणि मुद्द्यावर आले.

"भाऊ, तुम्ही सांगशात ताच आमी घराकडे सांगतलव. शिट्टी काय कुकर?"

यावर मी पाऊण तास बोललो. लोकशाही, महिलांचं नेतृत्व, आखातातली आर्थिक स्थिती, सगळं झालं. आठही जण मान डोलवत होते. बोलून संपल्यावर तात्या पुन्हा म्हणाले, "होय, पण शिट्टी काय कुकर?"

"उद्या ग्रुपवर सांगतो," म्हणालो आणि चपला शोधायला लागलो.

उद्या म्हणजे शनिवार. मतदान रविवारी होतं आणि गावात प्रचारही बंद झाला होता. मंजिरी आणि मी जमियात, म्हणजे इकडच्या सहकारी दुकानात, सामान आणायला गेलो होतो. घरून आमच्या मुलीचा, अन्वीचा, फोन आला. "बाबा, राइस कसा लावू? कुकर इज बीइंग वियर्ड." दोन्ही हातांत पिशव्या, मागे रांग. म्हटलं, थांब, व्हॉइस मेसेज टाकतो. पण मी चॅट उघडायला आणि तात्यांचा "भाऊ, काय ठरला?" हा मेसेज यायला एकच गाठ पडली. गावकऱ्यांचा ग्रुप टुणकन सगळ्यांत वर आला. माझा अंगठा पडायचा तिथेच पडला, आणि मी खणखणीत आवाजात बोललो:

"नीट ऐक. शिट्टीवर अजिबात विश्वास ठेवू नकोस. नुसती फुसफुसते, कामाच्या वेळी वाजत नाही. कुकरचंही तेच, जुनाट झालाय, झाकण नीट बसत नाही आणि पाणी बाजूने गळतं. खरं तर दोन्ही भंगारात काढायला हवीत. पण आज दुसरं काही नाही, तेव्हा भागवून घे."

दहा मिनिटांनी अन्वीचा फोन. "बाबा, आय गॉट नो मेसेज."

मी फोनमध्ये पाहिलं. तात्यांच्या प्रश्नाखाली माझं उत्तर होतं आणि त्याखाली आठ अंगठे. तोवर ते गावात पोचलंही होतं. प्रचार बंद असूनही पुढच्या तासाभरात आंबेखोलच्या तिठ्यावर कोणीतरी रिक्षाच्या स्पीकरवरून माझा आवाज ऐकवला. शिट्टीवाले चिडले, कुकरवाले चिडले. सख्ख्या भावाने माझा फोन उचलला नाही. माझ्या आईला जी रोज चार घास भरवते, तिला मी भर चौकात भंगार म्हणालो होतो.

मंजिरी म्हणाली, "आता तरी फोन लावा." मी वहिनीला लावला.

"वहिनी, अगं, ते घरातल्या..."

"कळलं हो. मला नाही कळणार? भात लागला का नीट, तेवढं सांगा."

एवढ्यात पलीकडून ओळखीचा आवाज आला. "त्याला म्हणावं, 'पाणी'तला ण बरोबर काढलास. बाकी सगळं चुकलं."

मी आपोआप उभा राहिलो. "बाई? तुम्ही तिथे?"

तेव्हा कळलं की वरच्या वाडीचा रस्ता खराब, रिक्षा एकच जाते, म्हणून दोघींनी प्रचार एकाच रिक्षातून केला होता. आधी एकीने बोलायचं, मग माईक दुसरीकडे द्यायचा. जेवण रोज वहिनीकडे. चिडलेल्या कार्यकर्त्यांनाही त्यांनी दोघींनी मिळून शांत केलं होतं. मला त्या दोघींचा इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं (ण सकट).

वहिनी थोडक्या मतांनी जिंकली. पहिला हार बाईंनी घातला आणि नळाचं काम वहिनीने त्याच आठवड्यात बाईंकडे सोपवलं. मी तात्यांना विचारलं, "मग तुम्ही शेवटी घरी सांगितलंत तरी काय?"

तात्या हसले. "भाऊ, आमचा आयकता कोण? आमी फोनवर सांगतव, बायका 'होय होय' म्हणतत, आणि करूचा ता करतत."

महिन्याभराने रजेवरून परतलेल्या एका रंगाऱ्याने गावाहून एक पुडी आणली. आत वहिनीने पाठवलेली नवी शिट्टी होती आणि बाईंनी पाठवलेलं झाकणाचं नवं रबर. मंजिरीने दोन्ही बसवली आणि भात लावला. झाकण घट्ट बसलं, पाण्याचा थेंब गळला नाही, शिट्टी वेळेवर खणखणीत वाजली.

मंजिरीने गॅस बंद केला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "चला, आता या घरात नुसतं फुसफुसणारं एकच उरलं."