पाटीवरचा भाव आणि पत्र्याचा डबा

माझी धाकटी जाऊ बारावी पास आणि मी सातवीतून शाळा सोडलेली, हे आमच्या घरात कुणी बोलून दाखवत नसे. पण टेमघरच्या समाजमंदिरात सरकारी अनुदानाचं पाळणाघर निघालं, सेविका म्हणून तिची निवड झाली, आणि भेटेल ती बाई मला विचारायला लागली, तुम्ही न्हाय भरला का अर्ज? भरला होता. दहावीच्या दाखल्यापाशी अडला. हे मी कुणाला सांगितलं नाही, पण सांगायची गरजही नव्हती.

दोन हजार सहा-सातचा सुमार असेल. वडप्याला गोडाऊन उठत होती आणि आमच्याकडच्या बायका पॅकिंगच्या ड्युटीला जायला लागल्या होत्या. त्यांची पोरं माझ्याकडे असत. पाच वर्षं मी माझ्या पुढच्या खोलीत पोरं सांभाळली, ढुंगणं धुतली, नाकं पुसली, आणि आता ही साडीला पिन लावून, रजिस्टर काखेत मारून निघणार. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

समाजमंदिराच्या दाराला पाटी लागली. महिन्याला किती पैसे घ्यायचे ते तिच्यावर लिहिलेलं, आणि खाली ठळक अक्षरात, यापेक्षा जास्त देऊ नये. मी घेत होते त्याच्या चौथाईसुद्धा नव्हतं ते. वर खिचडी, उकडलेलं अंडं आणि महिन्यातून एकदा वजन करायला नर्सबाई. मी माझा भाव कमी केला. तरी पोरं गेलीच, आज एक, उद्या दोन. त्यांचं मला एवढं लागलं नाही, खरं सांगते. पण शेवटी ती गेली.

ती म्हणजे तीन महिन्यांची असताना माझ्याकडे आलेली पोर. तिची आई आतल्या गावाकडची, नवरा कापड रंगवायच्या डाइंगमध्ये. पोरीचं पहिलं पाऊल माझ्या उंबऱ्यावर पडलं. आईला आई म्हणायच्या आधी तिनं मला मावशी म्हटलं होतं, आणि हे मी तिच्या आईला कधी कळू दिलं नव्हतं. आई मान खाली घालून म्हणाली की सोमवारपासून तिकडे नेते. मी म्हटलं, ने की, कोण अडवतंय. दार लावलं आणि झोळीचा दोर सोडून ठेवला.

आठ दिवसांत बातमी आली. पोर दुपारी झोपत नाही. रडून रडून ओकते. जाऊबाई घाबरून गोडाऊनच्या फोनवर निरोप देते आणि आईला अर्ध्या ड्युटीतून यावं लागतं. मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी मी शेवया केल्या. पोरीच्या रडण्यावर शेवया करणारी बाई, अशी मी होते तेव्हा.

कारण मला ठाऊक होतं. माझ्या खोलीची मागची भिंत कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्याची. दिवसभर खटखट खटखट, भांडीसुद्धा हलायची. माझ्याकडची सगळी पोरं त्या आवाजातच झोपायला शिकलेली. लाइट गेली, लूम थांबले, की सगळीच एकदम जागी होऊन भोकाड पसरत. शुक्रवारी लूम बंद, त्या दिवशी तर कुणाचा डोळाच लागत नसे. म्हणून मी एक युक्ती काढली होती. बिस्किटाचा रिकामा पत्र्याचा डबा उपडा घालायचा आणि लाटण्यानं लूमच्या चालीत वाजवायचा. पोरं पुन्हा झोपत. समाजमंदिर खाडीच्या अंगाला, आसपास चिटपाखरू नाही. तिथे पोर झोपणार कशी?

जाऊबाई एका संध्याकाळी आली. डोळे सुजलेले. तिनं विचारलं, ताई, ती तुमच्याकडे कशी झोपायची? मी सांगितलं, अंगावर हात ठेवला की झोपायची, माझा हात ओळखीचा आहे ना. ती तशीच परत गेली. शिकलेलीला एवढंही जमू नये, म्हणून मी मनात हसले. त्या रात्री जेवण मात्र गोड लागलं नाही.

पुढच्या मंगळवारी भर दुपारी पोरीची आई माझ्या दारात उभी. पोर खांद्यावर, आवाज पार बसलेला. मला पाहून पोरीनं दोन्ही हात पुढे केले. मी घेतलं तिला. झोळीचा दोर पुन्हा बांधायला काढला, पण तोवर भिंतीपलीकडच्या खटखटीवर ती माझ्या खांद्यावरच झोपली होती. माझी छाती फुगली. आई उंबऱ्यावर बसली आणि सांगायला लागली की मुकादमानं आज शेवटचं बजावलंय, अजून एकदा मधूनच गेलीस तर उद्यापासून येऊ नकोस.

मी म्हटलं, "माझ्याकडेच ठेव. एक पैसा नको देऊ."

मला वाटलं ती पाया पडेल. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"फुकट किती दिस ठेवशील, मावशी? मंग मला रोज तुजं तोंड बघाया लागंल. थयं पाटीवर लिवलंय तेवढं देते, पोरीला अंडं भेटतंय, आन कुनाचं उपकार न्हाय."

एवढ्या दिवसांत ती माझ्यासमोर असं सरळ बघून पहिल्यांदाच बोलली होती. आणि त्यात माझ्याविरुद्ध एक शब्द नव्हता, हेच मला जास्त झोंबलं.

पोर तासभर झोपली. तेवढा वेळ मी तिला खाली ठेवलं नाही. मग फळीवरून डबा काढला, लाटणं घेतलं आणि तिघी समाजमंदिरात गेलो. पोर जागी होऊन पुन्हा किरकिरायला लागली होती. मी चटईवर बसून डबा वाजवला. खट्खटाक्, खट्खटाक्. जाऊबाई आधी माझ्याकडे बघत राहिली, मग तिनं लाटणं हातात घेतलं. चाल तिला दुसऱ्याच झटक्यात जमली. पोर तिच्या मांडीवर पडली, अंगठा तोंडात गेला आणि डोळे मिटले. मी उठून बाहेर पाटीपाशी जाऊन उभी राहिले.

माझ्या खोटं बोलण्याबद्दल जाऊबाईनं अवाक्षर काढलं नाही. डबा परत देऊ का, एवढंच तिनं विचारलं. मी म्हटलं, राहू दे.

दुसऱ्या दिवशी दुपारी नेहमीसारखी लाइट गेली. भिंतीपलीकडचे लूम एकामागून एक थांबले. मी भाकरीचं पीठ तसंच टाकून उठले आणि डब्यासाठी फळीवर हात घातला. फळी रिकामी होती. खोलीत रडायलाही कुणी नव्हतं.