सुमनबाईंची मोरवेल आणि आमचे अडाणी हात

मोताळ्याच्या शाळेत मी गणिताचा शिक्षक म्हणून रुजू झालो, त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीतल्या एकमेव रिकाम्या खुर्चीवर मातीने भरलेला एक डबा होता. तो उचलायला मी हात पुढे केला, तोच मागून आवाज आला, "हात नोका लावू त्याले! तुमी बाकावर बसा." विज्ञानाच्या सुमनबाईंशी माझा झालेला हा पहिला परिचय. खोलीतली सावलीची जागा नेमकी त्या खुर्चीची होती, त्यामुळे तो सगळा पावसाळा मी बाकावर काढला.

आज बाई पंचाहत्तरीत प्रवेश करीत आहेत. मला फुलांचा शौक नाही आणि स्तुती करण्याचाही नाही; म्हणून जे पाहिले तेवढेच लिहितो. एवढे मात्र आधीच सांगतो, की हा त्यांच्या वाढदिवसाचा समारंभ पुण्यात न होता मोताळ्यात होतो आहे, हे आपोआप घडलेले नाही.

त्या डब्यात मोरवेलीची काडी होती. बाईंची पहिली नोकरी संग्रामपूरकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी. दिवाळीच्या सुमारास तिथली कुंपणे ह्या रानवेलीच्या पांढऱ्या फुलांनी झाकून जातात, आणि फुले सरली की बियांना पिसांसारख्या शेपट्या फुटतात. बदली झाली तेव्हा बाईंनी फांद्या सोबत आणल्या. रानातली वेल घरी लागत नाही, असे जो तो सांगे. काड्या वाळल्या, कुजल्या, पण बाई हटल्या नाहीत. अखेर एक काडी लागली आणि काही वर्षांत त्यांच्या अंगणातला मांडव तिने भरून टाकला.

त्यांची रीत अवघड नाही. आपल्याला सवय गुलाबाची, डोळ्याच्या, म्हणजे पान फुटते त्या पेराच्या, लगेच खाली कापण्याची. मोरवेलीची काडी बाई दोन डोळ्यांच्या मधोमध कापतात, समोरासमोरच्या दोन पानांतले एक काढून टाकतात आणि अर्धी रेती, अर्धी माती घेऊन सावलीत लावतात. पाणी बेताचे. त्याहून खात्रीचे म्हणजे दाब कलम. वेलीवरचीच फांदी वाकवायची, तिचा डोळा मातीत पुरायचा, वर दगड ठेवायचा आणि वर्षभर तिकडे ढुंकूनही पाहायचे नाही. ह्या शेवटच्या अटीवर आमचे अख्खे गाव नापास होते. एकदा खुद्द मुख्याध्यापक दगड उचलताना सापडले. "मुळं फुटली का, ते पाहून राह्यलो," ते म्हणाले. बाई म्हणाल्या, "सर, परीक्षेच्या आंधी पोरायचा निकाल पाह्यता का तुमी?"

बाई बोलायला फटकळ, पण माणसाला जपतात कशा, ते माझ्या घरात पाहिले. वडील गेल्यावर माझी आई भिंतीकडे तोंड करून बसून राही. आम्ही समजावून थकलो. बाई एका दुपारी काड्यांचा भारा घेऊन आल्या आणि आईला म्हणाल्या, "एवढ्या कापून द्या मले, माहा हात दुखते." हात अजिबात दुखत नव्हता, सकाळी त्याच हाताने त्यांनी फळाभर आकृत्या काढल्या होत्या. आईने काड्या कापल्या. त्यातलीच एक आमच्या परसात लागली आणि आई पुन्हा माणसांत आली. हे उपकार मी विसरू शकत नाही.

बाईंचे यजमान वारल्यापासून मुलगा केदार त्यांना पुण्याला बोलावत होता. "वेल सोडून कुठं येऊ बापू?" हे त्यांचे ठरलेले उत्तर. मग दोन वर्षांपूर्वी आळीत नळासाठी नाली खोदली गेली, मोरवेलीची मुळे तुटली आणि आठवड्याभरात मांडव वाळला. बाई कोणावर रागावल्या नाहीत. त्यांनी केदारला फोन केला, "ये, घेऊन जाय मले."

बाईंना थांबवायचे आम्ही ठरवले. आम्ही जुन्या सहकारी शिक्षकांनी माझ्या आईच्या परसातल्या वेलीच्या काड्या आणल्या, घाईघाईने डब्यांत लावल्या आणि केदार गाडी घेऊन आला त्या दिवशी ते डबे बाईंच्या ओट्यावर नेऊन मांडले. बाईंनी चष्मा लावला. एक काडी उपसली. "हे कोनं कापलं? डोळ्याखाली कापलं!" दुसरी उपसली. "पानी काऊन एवढं? म्हशीले पाजता का?" तिसरी कुजलेली निघाली. एकेक करून सगळ्या काड्या अंगणात पडल्या. आम्ही मान खाली घालून उभे. आता बाई जाणार, हे कळून चुकले आणि मला सगळ्यांसमोर रडू आले.

बाईंनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, "केदार, माही बॅग उतरव. इथं याइले काईच येत नाई."

"आई, अगं गाडी दारात उभी आहे."

"उभी हाये तं तू जाय. जेवून जाय पन."

त्याच संध्याकाळी त्या आमच्या परसात आल्या, आईच्या वेलीची एक फांदी वाकवून मातीत पुरली आणि वर दगड ठेवला. "मी पाह्यतो, कोनाले हात लावू देत नाई," आई म्हणाली, आणि तिने तो शब्द पाळला. वर्षाने उचलून लावलेले ते कलम आता बाईंच्या मांडवावर चढते आहे.

बाईंची प्रकृती ठणठणीत राहो, त्यांचे गुडघे आणि त्यांची जीभ दोन्ही शाबूत राहोत. आम्हांला कलम नीट जमेपर्यंत तरी त्यांनी हे गाव सोडू नये, एवढीच आम्हा सर्वांची प्रार्थना. आम्हा शिक्षकांपैकी कोणाचीही काडी अजून लागलेली नाही, आणि माझ्या माहितीत शिकण्याची घाईही कोणाला नाही.