साडेसात चौरस फूट

परवीन बागवान आमच्या धायरीच्या शाळेत गणित शिकवायच्या, आणि स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारची खुर्ची मिळणं ही शिक्षाच होती. ही बाई दोन मिनिटं स्वस्थ बसेल तर शपथ. सतत काहीतरी मोजत असायच्या. एकदा तर मी डबा खात असताना माझंच टेबल मोजलं. मी मराठीचा शिक्षक, मला जागेवर बसायला आवडतं.

त्या वर्षी सातवीला क्षेत्रफळ शिकवताना त्यांनी पुस्तक मिटून ठेवलं आणि मैदानावर फक्कीने चोवीस बाय वीस फुटांचा आयत आखला. हा तुमच्या हॉटेलचा हॉल, म्हणाल्या, यात टेबलं मांडा आणि नकाशा काढा. सगळ्यात जास्त माणसं बसवेल त्याला दहापैकी दहा.

बहुतेकांची गाडी चाळिशीत अडली. मैनाने चौसष्ट बसवली. पोरीने नात्यातल्या लग्नात पंगत मोजली होती. माणशी दोन फूट, पाठीला पाठ, आणि वाढणाऱ्याला मधोमध चार फुटांची वाट. दोन्ही भिंतींना टोक टेकवून आडवी आठ फुटी टेबलं, चार इकडे, चार तिकडे. माणशी साडेसात चौरस फूट. बागवान मॅडम इतक्या खूश झाल्या की लाल शाईने सही करून तो कागद वर्गात लावला.

मैनाचे वडील संभाजीराव तेव्हा रस्त्याकडेच्या उरलेल्या जमिनीत हॉटेल बांधत होते. हॉल तोच, चोवीस बाय वीस. मॅडमनी मैदानावर आखलेलं माप मुळात मैनानेच घरून आणलेलं होतं. संभाजीराव वर्गातून नकाशा मागून घेऊन गेले आणि गवंड्याला दिला. रविवारी उद्घाटन, आणि शुक्रवारी मैनाने वर्गात मिरवत सांगितलं की ग्रॅनाइटची टेबलं जमिनीत पक्की बसली.

मॅडम वर्गातून आल्या त्या पांढऱ्याफटक. नुसत्या येरझाऱ्या. "अहो, पंगत एकदम बसते आणि एकदम उठते," मला म्हणाल्या. "हॉटेलात कोण कधी उठेल सांगता येतं का?" मी म्हटलं, गिऱ्हाईक घेईल सांभाळून, आपण काही हॉटेलचे मालक नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझा चहा गार झाला. लोक हसतील ते मैनाला, म्हणाल्या, आणि मग ती पोर पुन्हा कधी काही मोजायला जाणार नाही. रात्रभर त्यांचा डोळा लागला नसावा. शनिवारी चेहराच सांगत होता.

शाळा सुटल्यावर त्या अख्खा वर्ग घेऊन हॉटेलात गेल्या. माणसं कमी पडत होती म्हणून मलाही ओढलं. संभाजीरावांना वाटलं, मुलं कौतुक करायला आलीत. त्यांनी सगळ्यांना पेढे दिले. सगळे बसले. मैनाला मॅडमनी अगदी भिंतीकडची खुर्ची दिली होती.

"मैना, हात धुऊन ये."

मैना उठायला गेली तर खुर्ची मागच्याच्या खुर्चीला आपटली. शेजारचे तिघे उठले, त्यांच्यासाठी मागच्या रांगेतले उठले, कुणाचा तरी पाय चिरडला. मुलं खिदळायला लागली. मैना कशीबशी वाटेत आली. तिच्या लक्षात आलं होतं.

"मॅडम, तुम्ही दहापैकी दहा दिले होते."

"दिले होते, बेटा. चूक माझी आहे. मी बसणारी माणसं मोजायला सांगितली. उठणारं माणूस मोजायला सांगितलंच नाही."

संभाजीराव पुढे आले. फूटभर बांधासाठी सख्ख्या भावाशी बोलणं टाकलेला हा माणूस. "ऱ्हाऊ द्या, मॅडम," म्हणाले. "लेकीनं काढल्यालं हाय, तसंच ऱ्हाईल. गिऱ्हाईक नाय आलं तरी चालंल."

मला भरून आलं. उगाच लपवत नाही.

मैना मात्र वडिलांकडे बघतसुद्धा नव्हती. तिने एक खुर्ची वाटेत ओढली, तिच्यावर बसली, उठली, खुर्ची मागे सरकवली आणि खालच्या फरशा मोजल्या. पुन्हा बसली, पुन्हा उठली. मग भिंतीपासून भिंतीपर्यंत फरशा मोजत गेली. खिदळणं केव्हाच थांबलं होतं.

"अण्णा, टेबलं दोन्हीकडे तीन-तीनच बसतात," ती म्हणाली. "सगळी उखडा."

संभाजीरावांनी एकदा लेकीकडे पाहिलं आणि गवंड्याला फोन लावला.