काखेत जेलीची बाटली

डॉ. शालन यादव यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या काखेत एक प्लॅस्टिकची बाटली दाबून कॅज्युअल्टीत फिरत होत्या. मला वाटलं, बाईंची काख दुखत असावी. ती सोनोग्राफीच्या वेळी पोटावर लावायच्या जेलीची बाटली निघाली. थंडीच्या दिवसांत ती अशी उबवूनच वापरायची, हा मॅडमचा नियम. "पेशंटचं पोट आधीच आवळलेलं आसतंय. त्यावर आनि बरफ वतायचा आसंल तर डाक्टर कशाला, कुल्फीवाला बोलवा की," असं त्या म्हणत.

विश्रामबागेतल्या आमच्या हॉस्पिटलात त्या तातडीच्या विभागाच्या प्रमुख होत्या. मी नवा होतो, एमबीबीएसची शाई वाळायची होती, त्यामुळे अर्थातच मला सगळं येत होतं. मॅडम मेढ्याच्या, वडील फौजेत. शिकल्या पुण्यात, पण भाषा मेढ्याचीच ठेवली. माझ्या शुद्ध बोलण्यावर त्यांचा विशेष लोभ. "तुझं मराठी लय ग्वाड हाय बाबा. निदान चुकलं तरी पेशंटला ऐकायला बरं वाटंल," हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं.

आमच्याकडे सोनोग्राफीचं एक छोटं, चाकांवरचं यंत्र होतं. ते चालतं-फिरतं असल्यामुळे आम्ही ते कुलपात ठेवत असू. या यंत्रांवर कायद्याचा कडक पहारा असतो आणि तो असायलाच हवा. मुलींच्या जिवावर उठलेल्यांनी ती वेळ आणली. पण कायद्याने नोंदी ठेवा म्हटलं, तर आमच्या प्रशासकांनी यंत्रच ठेवून दिलं. चावी त्यांच्याकडे आणि ते जेवायला. पेशंटने त्यांच्या जेवणाच्या वेळा सांभाळून आजारी पडावं, एवढीच माफक अपेक्षा होती. मॅडमनी रीतसर परवानगी काढली, रजिस्टर स्वतःच्या ताब्यात घेतलं आणि चावी छल्ल्यात अडकवून कमरेला खोचली. सासरी नसेल मिळाला तो मान त्यांना कॅज्युअल्टीत मिळाला.

एका दुपारी कवठे महांकाळकडच्या बायनाबाई आल्या. सत्तरीच्या, वाळलेल्या शेंगेसारख्या, नऊवारी लुगडं. आयुष्य मेंढरांमागे गेलेलं. दोन दिवस उलट्या, पोट फुगलेलं, कळा येऊन येऊन जाणाऱ्या. सुनेने सांगितलं, बेंबी सरकलीय म्हणून गावातल्या जाणत्या बाईने दोनदा पोट चोळून दिलं, वर सोडा पाजला. मी मनातल्या मनात हसलो. किती हे अज्ञान! मग मी माझं ज्ञान वापरलं. लुगड्यावरूनच पोट दाबून पाहिलं. एक्स-रे काढला, त्यात मला काही वावगं दिसलं नाही. सकाळी थोडी संडास झाली होती, म्हणजे वाट मोकळी आहे असं ठरवलं. कागदावर ठळक अक्षरांत "गॅस" असं लिहिलं, एक इंजेक्शन दिलं आणि घरी जायची चिठ्ठी तयार केली. गावातल्या बाईने निदान चोळण्याचे कष्ट तरी घेतले होते.

मॅडम यंत्र ढकलत आल्या. "गॅस कुनाला झालाय? पेशंटला, का तुला?" असं म्हणत त्यांनी कोमट जेली बायनाबाईंच्या पोटावर लावली आणि यंत्राचा दांडा, म्हणजे प्रोब, ठेवला. पडद्यावर आतड्याची वेटोळी दिसली, मनगटाएवढी फुगलेली, पाण्याने भरलेली. ते पाणी पुढे जात नव्हतं. पुढे जायचं, थडकायचं, मागे यायचं. "बघ," मॅडम म्हणाल्या, "कारखान्याच्या गेटावर उसाच्या ट्रॉल्या थटल्यात. मागनं येत्यात, फुडं सरकना. तुझा एक्स-रे हवा दावतो, हितं सगळं पानीच हाय. आता गेट कुठंशी बंद झालंय ते हुडकायचं."

प्रोब खाली सरकत गेला आणि लुगड्याशी येऊन थांबला.

"आज्जी, कासोटा सोडा."

बायनाबाईंनी लुगडं मुठीत घट्ट धरलं. "आवं न्हाई बाई. पोट दुकतंया, त्ये बघा की."

मॅडमनी पडदे ओढले, पुरुष होते तेवढ्यांना बाहेर काढलं, अंगावर चादर घातली आणि मला दरडावलं, "तू नुसता यंत्राकडं बघ." मग सून आणि त्या, दोघींनी मिळून कासोटा सोडला. जांघेत लिंबाएवढी गाठ होती, टणक, हात लावला की बायनाबाई कळवळत होत्या. प्रोब ठेवला तर आत आतड्याचं एक वेटोळं अडकून पडलेलं, म्हणजे हर्निया. फुगलेली आतडी बरोबर तिथवर येऊन थांबत होती.

"कवापास्नं हाय ही?" मॅडमनी विचारलं.

"झाली की चार-पाच वरसं. निजलं का आत जायाची. ह्या खेपंला गेली न्हाई."

"मग सांगितलं का न्हाई?"

"कुनी इचारलंच न्हाई," बायनाबाई म्हणाल्या.

आमचे मोठे सर्जन आले. त्यांचं सोनोग्राफीबद्दलचं मत ठाम होतं, कारण त्यांनी ती कधी केली नव्हती. "गॅसच्या पोटात सोनोग्राफीला काय दिसणार? सीटी स्कॅन करा." सीटीला तीन पेशंटची रांग होती. मॅडम म्हणाल्या, "करा की सर. आपन आतड्याला तवर थांबायला सांगू. तुमचं ऐकंल त्ये." आणि पडदा त्यांच्याकडे फिरवला, सरांचा हात धरून गाठीवर ठेवला. सरांनी गाठ दोनदा चाचपली. मग, हे सगळं आपणच शोधून काढल्याच्या थाटात त्यांनी ऑपरेशनची तयारी करायला सांगितली. मॅडमनी त्यांना तो मान बिनतक्रार देऊन टाकला.

मी ऑपरेशनला उभा राहिलो. अडकलेलं आतडं जांभळं पडलं होतं. सरांनी ते सोडवून गरम पाण्याच्या ओल्या फडक्यात धरलं आणि आम्ही सगळे त्याच्याकडे बघत राहिलो. हळूहळू ते गुलाबी झालं. "आणखी काही तास गेले असते, तर कापावं लागलं असतं. कदाचित बाईच गेली असती," सर म्हणाले. घरी जायची चिठ्ठी माझ्या सहीची होती.

बाहेर मॅडम उभ्या होत्या. मी शिव्या खायच्या तयारीने गेलो. त्यांनी ती चिठ्ठी घडी करून माझ्या खिशात ठेवली आणि एक अक्षर न बोलता निघून गेल्या.

यात काही चांगुलपणा असेल असा संशय घेऊ नये. पुढची तीन वर्षं त्यांनी मला कशावरूनही सोडलं नाही. माझ्या अक्षरावरून ("मुंगी दारू पिऊन चालली जनू"), माझ्या नव्या बुटांवरून, पेशंटच्या पोटावरची जेली न पुसता जाण्यावरून ("तुमच्या घरात ताट तरी धुत्यात का?"). पण बायनाबाईंचं नाव कधी काढलं नाही. एवढा आयता ऐवज हाताशी असून ही बाई तो वापरत नाही, याचीच मला जास्त धास्ती.

त्या नोकरी सोडून मेढ्याला निघाल्या त्या दिवशी मी शेवटी विचारलंच, "मॅडम, त्या चुकीवरून तुम्ही मला कधीच बोलला नाहीत."

त्या यंत्राची वायर गुंडाळत होत्या. गुंडाळून झाली तरी त्यांनी ती हातातच ठेवली.

"ती चूक माझ्या नावावर हाय. तुला कशी दिऊ?" त्या म्हणाल्या. "मी नवी डाक्टर झालती. आई उलट्या करत हुती. शेजारीन बेंबी सरकली म्हनून चोळून गेली, मी हसले. मग मी तपासलं. लुगड्यावरनं. दोन दिस तिच्या पोटावर हात फिरवत बसले. कासोटा सोड म्हनायची मला लाज वाटली रं. आईला कसं म्हनायचं? साताऱ्याला न्हेली तवर आतडं काळं पडलं हुतं."

त्यांनी कमरेचा चावीचा छल्ला काढून माझ्या हातावर ठेवला. "उगा रडका चेहरा करू नको, लय वंगाळ दिसतोस," असं म्हणून त्या गेल्या.

त्या रविवारी मी कोरेगावजवळच्या आमच्या गावी गेलो. शेकडो बायकांना जो प्रश्न मी न अडखळता विचारत होतो, तो विचारायला मला दोन चहा लागले. "आई, तुझ्या जांघेत कधी गाठबीट आलीय का गं?"

"आरं मुडद्या, आईला आसं इचारत्यात व्हय?" ती फुंकणी घेऊनच उठली. मी अंगणात पळालो. थोड्या वेळाने चुलीपुढूनच, माझ्याकडे न बघता, ती म्हणाली, "हाय एक बारकी. दोन वरसं झाली. दुकत न्हाई, म्हनून बोलले न्हाई."

मी तिथूनच मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं. आता काहीतरी सणसणीत ऐकायला मिळणार म्हणून कान देऊन उभा राहिलो. पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता.

"बरं केलंस," त्या म्हणाल्या, "इचारलंस."