जानूची कुर्ली

मिरकरवाड्यात कुठलंही चाक अडलं की लोक जानूला बोलावत, आणि जानू आला की आधी लोकांच्या हातातला हातोडा काढून घेई. तरुणपणी मुंबईच्या बोटींवर इंजिनाला तेल घालायची नोकरी केलेला हा माणूस. घट्ट बसलेलं चाक ठोकून काढायचं नसतं, सरळ ओढून काढायचं असतं, हे तो तिथे शिकला. गावी परतल्यावर ओढायचं हत्यार त्याने घरीच केलं. लोखंड आवळून धरायच्या मोडक्या शेगड्यातला आट्यांचा मळसूत्री दांडा, बैलगाडीच्या आसाची पट्टी आणि होडीच्या जुन्या नांगरातून वाकवलेले दोन आकडे. आकडे चाकाला मागून धरत, मधला दांडा फिरवला की चाक मुकाट्याने पुढे सरके. त्या दोन नांग्या पाहून वाड्याने तिला नाव दिलं, कुर्ली, म्हणजे खेकडी.

चौतीस सालच्या खंडेनवमीची सकाळ. जानूने सगळी हत्यारं चिंच आणि राख लावून घासली. कुर्लीच्या मळसूत्राच्या खाचाखाचांतून जुनं काळं वंगण काढून ती लखलखीत केली. देवापुढे मांडायचं हत्यार काय चिकट ठेवायचं? त्याची आई ठमाबाई हिने गंध, हळदकुंकू, झेंडूची फुलं वाहिली. आता दसऱ्यापर्यंत हत्यारांना हात लावायचा नाही, हा घरचा रिवाज.

एवढ्यात शेजारची हौसा धापा टाकत अंगणात आली. ती दसऱ्याच्या नैवेद्यासाठी नवं भात घेऊन गिरणीवर गेली होती.

"जानूदादा, भिवाचो हात चाकात गावलो!"

भिवा जानूचा धाकटा भाऊ, गिरणीच्या इंजिनावर कामाला. जानूने पटकन तिच्या तोंडापुढे हात धरला. आई आत होती, तिने ऐकलं नव्हतं. बाप समुद्रात बुडाल्याची बातमी कळली तेव्हा ती तीन दिवस बोलली नव्हती. आताच तिला कळायला नको, असं त्याने ठरवलं. चांगल्या मनाने ठरवलं, पण चुकीचं ठरवलं.

तो आत शिरला आणि फुलं बाजूला सारून कुर्ली उचलली.

"अरे, पूजा उठवतोस?" ठमाबाई दारात आडवी आली. "कुणासाठी?"

"गिरणीत माणूस अडकलाय, आये. बाजूला हो."

"दसऱ्याच्या आत हत्यार उठवलंस तर ज्याच्यासाठी नेतोस त्याचा हात धड राहायचा नाय, सांगून ठेवते!"

जानूने ते ऐकलं. पण तो थांबला नाही.

गिरणीत माणसं जमली होती. इंजिन बंद होतं, पट्टा उतरवलेला होता. दोन दातेरी चाकांच्या मध्ये भिवाचा उजवा हात, पुसायच्या चिंधीसकट. चाकाचा एक दात तुटून तिथेच पाचरीसारखा बसला होता, त्यामुळे चाकं ना पुढे जात ना मागे. भिवा खांबाला टेकून उभा होता. चेहरा पांढराफटक. गिरणीचे मालक आप्पा घण घेऊन तयारच होते.

"एकच ठोका घालतो, जानू."

"तो ठोका त्याच्या हाडात जाईल, आप्पा. ठेवा तो खाली!"

जानूने धाकट्या चाकामागे आकडे अडकवले, मळसूत्राचं टोक चाकाच्या दांड्यावर टेकवलं आणि पाना फिरवू लागला. पहिले फेरे सहज गेले. पट्टी ताणली. आता चाक सरकणार, तोच पाना थांबला. जानूने अंगाचा भार टाकला. कर्रकन आवाज आला, चाकाचा नव्हे, मळसूत्राचा.

त्याला घाम फुटला. घासून कोरडं केलेलं मळसूत्र, आणि खाचांत वाळलेलं गंध. लोखंड लोखंडाला चावून बसलं होतं. आणखी जोर करावा तर आकडा तुटणार आणि चाक दणका देणार, तोही भिवाच्या हातावर.

"दादा," भिवा पुटपुटला, "बोटांचं कायच कळत नाय आता."

दुखत होतं तोवर बरं होतं. स्वतःलाच एक शिवी हासडून जानूने पाना उलटा फिरवला, इंचाइंचाने मळसूत्र मागे घेतलं आणि कुर्ली सोडवली. सुतळी खाचांत गुंडाळून खसाखसा ओढली. लालपिवळा भुगा निघाला. इंजिनाची तेलाची बुधली वर ओतली. पुन्हा आकडे, पुन्हा पाना. अर्धा फेरा. आणखी अर्धा. चाक कुरकुरलं आणि दांड्यावरून सरळ बाहेर आलं. भिवा जानूच्या अंगावर कोसळला.

बैलगाडीत पेंढा घालून लोक त्याला सरकारी दवाखान्यात न्यायला निघाले, तेवढ्यात ठमाबाई आली. रागारागाने पूजा पुरी करायला कुर्ली परत न्यायला आली होती. गाडीजवळ येऊन तिने विचारलं, "कुणाचो हात?"

"माझोच, आये," भिवा म्हणाला.

ठमाबाईने दोन्ही हातांनी स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. एकदा, दोनदा. जानूने तिचे हात धरले. तिला सगळं सांगून गेलो असतो तर हे शब्द तिच्या तोंडून निघालेच नसते, हे त्याला तेव्हा लख्ख कळलं.

हात वाचला, पण दोन बोटं गेली. त्यानंतर घरात एक भांडण कायमचं राहायला आलं. भिवाला डाव्या हाताने जेवताना पाहिलं की ठमाबाई डोळ्यांना पदर लावी, "माझ्या जिभेने खाल्ली रे तुझी बोटं." जानू चिडून म्हणे, "तुझ्या जिभेने नाय. मळसूत्र मी कोरडं केलं. वंगण असतं तर हात लवकर सुटला असता." ती म्हणे चूक माझी, तो म्हणे माझी.

एक दिवस भिवाने ताट पुढे सारलं.

"बोटं माझी गेली," तो म्हणाला, "आणि वाटणीला तुम्ही दोघं बसलात! मला कुणी भात वाढेल काय?"

ठमाबाई उठली आणि तिने भात वाढला.