आत्याची पारख

अख्ख्या कोल्हापुरात हळू बोलताच येत नाही असं माणूस एकच, ते म्हणजे माझी आत्या, आणि मला त्याचा भयंकर अभिमान आहे. मंगळवार पेठेत तिच्या आठ म्हशी. गिऱ्हाइकाने दुधाकडे संशयाने पाहिलं, की त्याच्यासमोरच धार काढून फेसाळ पेला हातात देते आणि तो संपेपर्यंत त्याला हलू देत नाही. रेडा विकत घेणारे तिला न्यायला जयसिंगपूरहून यायचे. ती मागून एकदा वाकून बघायची आणि चारचौघांत निकाल द्यायची, "डावं आंड बारकं हाय. म्हस गाबन ऱ्हायाची न्हाय."

पंधराव्या वर्षी मी तालमीत जायचो. व्यायाम झाला की माझं डावं अंड जड होऊन ठणकायचं. महिनाभर लपवून शेवटी वडिलांना सांगितलं. त्यांनी लंगोट घट्ट बांधायला सांगून पेपर उघडला. आत्याने ते ऐकलं. "रेडा घेताना धा येळा बघतोस, आन् पोटच्या पोराचं इचारायला लाज वाटती व्हय?" मला स्कूटरवर बसवून, पायाशी दुधाची किटली ठेवून तिने दवाखाना गाठला आणि माझं कुठे दुखतं ते तिथल्या सगळ्या पेशंटांना सांगितलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसलो.

डॉक्टर म्हणाले, व्हेरिकोसील. अंडकोषाच्या शिरा फुगतात, रक्त साठतं, त्या बाजूची वाढ मागे पडू शकते; काहींना पुढे मूल व्हायला अडचण येते. पुष्कळ मुलांना नुसतं लक्ष ठेवून भागतं. माझी डावी बाजू मात्र वर्षभरात आणखी मागे पडली, म्हणून छोटं ऑपरेशन झालं. तेव्हापासून आत्या दूध घालताना प्रत्येक आईला बजावते, "पोराला इचारत जा. आपनहून सांगायचं न्हाय ते."

गेल्या वर्षी मला मुलगी झाली. ऑपरेशनमुळेच झाली, असं डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाहीत. आत्या सांगते.

आत्याला स्वतःला मूल नाही. त्यासाठीचे उपास, नवस, औषधं सगळं तिनेच केलं. तिच्या यजमानांना एकदा तपासून घ्या असं कुणी म्हटलं नाही, आणि आता तेही राहिले नाहीत. बारशाला मी लेकीला तिच्या मांडीवर ठेवलं. ती इतक्या हळू बोलली, की मला जवळ वाकावं लागलं.

"ह्यांस्नी बी कुनीतरी न्यायला पायजे हुतं रं."