शेरा : वारस नाही

“परत वाचा बगू.”

सिस्टर पहिल्या दिवशी असं म्हणाल्या तेव्हा मला वाटलं, म्हातारीला कमी ऐकू येत असेल. म्हणून मी मोठ्यानं वाचलं. “वराडू नगा, कान चांगलं हायत माझं,” त्या म्हणाल्या, “परत वाचा.” पुढची चार वर्षं मी त्यांना तीच एक ओळ वाचून दाखवत होतो.

आमच्या ऑफिसात जुन्या पलटणींची दप्तरं आहेत. कोण कुठल्या गावचा, कधी भरती झाला, उंची किती, अंगावर खूण काय, कुठं मेला. सगळं मोडीत, आणि मोडी येणारा ऑफिसात मी एकटा. आजोबा-पणजोबांचा माग काढत लोक येतात. कुणाला फोटोखाली लिहायला हुद्दा हवा असतो, कुणाला भावकीत मिरवायला एखादी लढाई. ओळ सापडली की झेरॉक्स घेतात, पेढे ठेवतात आणि जातात. सिस्टरांची ओळ मी अर्ध्या तासात शोधून दिली होती. खरं तर तिथंच आमचा संबंध संपायला हवा होता.

त्यांचे आजोबा गडमुडशिंगीचे. पहिल्या महायुद्धात समुद्रापार गेले आणि तिकडंच वारले. नाव, बापाचं नाव, उजव्या भुवईवरचा व्रण, घरात ऐकलेलं सगळं जुळलं. शेवटच्या रकान्यात शेरा होता : वारस नाही.

“वारस न्हाय? मग तुमच्या म्होरं बसलीया ती कोण?”

मी समजावलं की शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलंय, आता त्याला हात लावता येत नाही, नोंद आहे तशी आहे. सिस्टरांनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि त्यांचं ते वाक्य पहिल्यांदा माझ्या अंगावर टाकलं.

“लिवलेलं हाय म्हंजे खरं हाय व्हय?”

हे वाक्य मी नंतर इतक्या वेळा ऐकलं की बायको घरी भाजीत मीठ जास्त झालं नाही असं म्हणाली तरी मला तेच आठवायचं.

दर सोमवारी साडेदहाच्या बसनं त्या यायच्या. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून आयुष्य गेलेलं, त्यामुळं आल्या आल्या नळावर कोपरापर्यंत हात धुणार, माझं टेबल स्वतःच्या फडक्यानं पुसणार आणि फॅनखालची माझी खुर्ची धरणार. मी स्टुलावर. मग आमचा शिपाई त्यांना पायाचं कुरूप दाखवायचा. आवक-जावकची मुलगी तिच्या पाळीच्या तक्रारी कानात सांगायची. एकदा तर साहेब स्वतः केबिनमधून लंगडत आले आणि म्हणाले, “सिस्टर, गुडघ्याचं जरा बघा की.” सरकारी वेळेत, माझ्या टेबलावर! मी चरफडत बसलो होतो तर मलाच म्हणाल्या, “तुमचं तोंड सुजल्यागत दिसतंय. लोणचं बंद करा.” मी बंद केलं नाही. त्यांना ते पुढच्या सोमवारी कळलं, कसं ते मला आजवर समजलेलं नाही.

तुमच्याही ऑफिसात अशी एखादी व्यक्ती येत असेल. तिची बस चुकावी म्हणून आपण मनातल्या मनात प्रार्थना करतो, आणि बस कधी चुकत नाही.

त्या शेऱ्यामागची हकीकत त्यांच्या आजीनं त्यांना सांगितलेली. “आज्जी पैल्या बाळंतपणाला म्हायेरी, पेठ वडगावला गेलती. घराला कडी. सरकारचा माणूस आला, चावडीवर बसला, पाणी पिला. आमच्या वस्तीत पाय कोण ठेवणार त्या टायमाला? तिथनंच हाळी दिली, हाय का त्याचं कोण? चावडीवरच्यास्नी काय पडलंय? त्यानं लिवलं आणि गेला. माझा बा पोटात हुता की वो! आमच्या दारात येऊन शेजारनीला इचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं.”

हकीकत खरी असणार. पण मी काय करू? दर सोमवारी त्यांचा एक अर्ज. प्रत्येक अर्जाला आवक नंबर, प्रत्येक अर्जाला माझं उत्तर, आणि प्रत्येक उत्तरात तेच : जुन्या अभिलेखात बदल करता येत नाही. एका सोमवारी माझा तोल गेला. मी सगळ्यांसमोर ओरडलो, “सिस्टर, पेन्शन मिळणार नाही, जमीन मिळणार नाही, त्यांना जाऊन शंभर वर्षं झाली. हवंय काय तुम्हाला नेमकं?”

सिस्टर मात्र चिडल्या नाहीत. हळू आवाजात बोलायला लागल्या, तो आवाज मी आधी ऐकला नव्हता.

“नव्यानं ड्युटीला लागलेली मी. एक म्हातारा दाखल झालता, पोरगा सोबत हुता त्याच्या. पोरगा आईला आणायला हातकणंगल्याला गेला आणि इकडं म्हातारा गेला. कॉटपाशी कोण दिसंना. मी वॉर्डात कुणाला इचारलं न्हाय, घाई हुती. बेवारस म्हणून लिवलं. अंगठ्याला चिठ्ठी बांधली. दुसऱ्या दिवशी पोरगा आईला घिऊन आला. बापाच्या अंगठ्याची चिठ्ठी त्यानं सोडली आणि माझ्या टेबलावर आणून ठेवली.” मग त्यांनी रजिस्टर माझ्याकडं सरकवलं. “लिवणारा वाईट न्हवता, सायेब. मला म्हाईत हाय त्यो कसा लिवतोय त्ये.”

त्या दिवशी मी जेवणाची सुट्टी बुडवून त्यांना अर्ज लिहून दिला. शेरा बदला, असं मागायचंच नाही. कुटुंबाचं निवेदन त्या पानाला जोडपत्र म्हणून लावा, असं मागायचं. चार वर्षांत मला हे सुचलं नव्हतं, कारण मला फक्त त्यांना घालवायचं होतं. आज हे लिहिताना लाज वाटते. अर्ज वरच्या ऑफिसला गेला. जाताना सिस्टर म्हणाल्या, “लवकर हुईल न्हवं? लग्न केलं न्हाय, भाऊ गेला. माझ्या मागं कोण न्हाय बगा.”

मग त्या यायच्या थांबल्या. पहिले दोन सोमवार मी माझ्या खुर्चीवर बसलो आणि मला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू? तिसऱ्या सोमवारी शिपाई दोनदा दारापर्यंत जाऊन आला. मी त्याच्यावर खेकसलो.

मंजुरी आली ती त्यानंतर. जोडपत्राला परवानगी, अर्जदारानं निवेदनावर सही करावी, अर्जदार मयत असल्यास वारसानं. मुदतीत सही न झाल्यास प्रकरण दप्तरी दाखल, म्हणजे कायमचं बंद. सिस्टरांचा फोन बंद. मी त्यांच्या गडमुडशिंगीच्या पत्त्यावर पत्र पाठवलं, ते परत आलं. पाकिटावर पोस्टमननं लिहिलं होतं, मालक मयत.

मी फाईल उघडून टिपणी लिहायला घेतली. ‘अर्जदार मयत. वारस’ इथपर्यंत लिहिलं. पुढचा शब्द मला माहीत होता, त्यांनी स्वतःच तो सांगितला होता. पण चावडीवर बसून लिहिणाऱ्या त्या सरकारी माणसालाही तो माहीत आहे असंच वाटलं असणार. मी पेन बंद केलं आणि साहेबांकडं अर्ध्या दिवसाची रजा मागितली.

गडमुडशिंगीपर्यंत मी सिस्टरांवर चिडत गेलो. ऊन मरणाचं, स्पीडब्रेकर मोजून थकलो, पत्ता तीनदा चुकलो. मेल्यावरसुद्धा बाई कामाला लावते! त्यांच्या घराला कुलूप होतं. शेजारच्या उंबऱ्यावर एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. तिला विचारलं, “सिस्टरांचं कोणी आहे का हो?”

“हाय की. मी हाय.”

“नात्यातलं कोणी?”

तिनं माझ्याकडं बघितलं आणि गल्लीत हाक दिली, “ए, या गं भाईर! सिस्टरचं कोण हाय म्हणून इचाराय आल्यात!”

दारं उघडली. कडेवर पोर घेतलेली एक बाई आली, सिस्टरांनीच तिचं बाळंतपण केलेलं. एक रिक्षावाला आला, त्याच्या बापाला त्या रोज इंजेक्शन द्यायच्या. आणखी कोण कोण. सगळे एकदम बोलायला लागले, आधी कुणाचं नाव लिहायचं यावरून दोघींची जुंपली. मी ओरडून सांगितलं की वारस म्हणजे कायद्यानं वारस लागतो, वरचं ऑफिस हे परत पाठवणार. कुणी ऐकेना. मंजुरीसोबत आलेल्या फॉर्मवर ‘वारसाचे नाव’ला एक ओळ होती आणि त्यापुढं रकाना, ‘मयताशी नाते’.

“नातं काय लिहू?” मी म्हातारीला विचारलं.

“राच्च्याला भाकरी माझ्याकडंच असायची तिची. कागदात बसतंय का त्ये?”

मी उंबऱ्यावर तिच्या शेजारी बसलो. ओळीत तिचं नाव लिहिलं. रकान्यात लिहिलं, ‘रात्रीची भाकरी’. मग बाकीच्यांसाठी कागद उलटा केला.